यंत्राला शिकवायचं, पण हजेरी लावून

दादा, नमस्कार.

हे पत्र मी सांगतेय आणि माझी लेक लिहितेय. मी सुक्या कचऱ्याच्या शेडवर पट्ट्यावर काम करते. गाव घनसावंगीकडं. दुष्काळात शहरात आलो. आधी पोतं घेऊन वेचायची, आता शेडवर आठ वर्षं झाली. बावीस बाया आहोत. घंटागाडीचा माल पट्ट्यावर येतो, आम्ही दोन्ही बाजूंनी उभ्या राहून बाटली, दूध पिशवी, कडक प्लास्टिक, पन्नी, पुठ्ठा, पत्रा वेगळं करतो. पगार गुत्तेदार देतो. आठ वर्षांत तीन गुत्तेदार बदलले, आम्ही त्याच.

दिवाळीनंतर दोन पोरं आली. पट्ट्यावर कॅमेरा लावला. रोज दुपारी दोन तास आम्हाला एकेक वस्तू हातात धरायला लावतात, हे काय, ते काय विचारतात आणि संगणकात लिहून घेतात. पोरं चांगली आहेत, मावशी मावशी करतात. मी चुरगाळलेल्या आवाजावरून पन्नी ओळखते याचं त्यांना लई नवल वाटतं. अजून कशी ओळखते ते सांगितलं नाही. मुकादम म्हणतो, हे शिकून यंत्र आलं की बावीसच्या सहा राहतील. काही बाया म्हणतात, चुकीचं सांगा. काही म्हणतात, दाखवूच नका. मी जुनी म्हणून सगळ्या माझ्याकडं बघतात.

घरी नवरा म्हणतो, ऊसतोडीला जाऊ, उचल मिळतेय. दीर जालन्याला भंगारात आहे, तो तिकडं बोलावतो. शेजारीण म्हणते, गटातून कर्ज काढून गठ्ठे बांधायची प्रेस घेऊ. पोरगा आयटीआयला वायरमन करतोय, तो म्हणतो सोडतो आणि चाळीस हजार भरून एआयचा क्लास लावतो. जाऊ अजून पोतं घेऊनच फिरते. ती म्हणते, तुझं तरी बरं, मला काढायलाही कुणी येणार नाही.

दाखवू की नको, तेवढं सांगा. बाकीचं जमलं तर.

पट्ट्यावरची एक, छत्रपती संभाजीनगर

*

ताई, नमस्कार.

तुम्ही तेवढंच विचारलंत म्हणून आधी तेवढंच सांगतो. दाखवा. खरं तेच दाखवा. पण आत्ता दाखवताय तसं नाही.

ते दुपारचे दोन तास हजेरीवर काय म्हणून लागतात? तुमच्या पत्रात ते नाही, म्हणजे बहुधा काहीच म्हणून लागत नाहीत. पट्टा बंद, बाया मोकळ्या, पोरं फोटो काढतायत, एवढीच त्याची नोंद असेल. मला सगळ्यात जास्त तेच खुपलं. का खुपलं ते सांगायला घरातली गोष्ट काढावी लागेल.

माझे वडील परभणीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची उलटी अक्षरं, शेकडो खणांच्या लाकडी केसा, त्यातून न बघता हात बरोबर त्या खणात जायचा. घरी वर्तमानपत्र उलटं धरून वाचायचे, आम्हा लेकरांना हसवायला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मालकानं संगणक आणला आणि त्यावर एक पोरगा बसवला. पोरगा हुशार होता, पण ‘तऱ्हा’मधला र आणि ‘ह्रस्व’मधला र त्याला काही केल्या सापडेना. ओळ कुठं तोडायची, लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव किती मोठं आणि मामाचं किती, निविदेत दोन ओळींमध्ये किती जागा सोडायची, यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. मालक वडिलांना म्हणाला, जरा त्याच्याशेजारी बसा. वडील तीन आठवडे बसले. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. चौथ्या शनिवारी त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तेवीस वर्षांच्या नोकरीचा घरात एकही कागद नव्हता, नेमणुकीचा नाही, पगाराचा नाही. खिळे भंगारवाल्याला किलोवर गेले. ते मोजताना वडील तराजूजवळ उभे होते, हे मला नंतर त्या भंगारवाल्याकडूनच कळलं.

मला संगणकाचा राग नव्हता, आजही नाही. मी हे त्यावरच लिहितोय. राग आहे तो त्या तीन आठवड्यांचा. त्या काळात त्या छापखान्यात सगळ्यात महागडी गोष्ट वडिलांच्या डोक्यात होती. ती त्यांच्याकडून ‘जरा शेजारी बसा’ म्हणून काढून घेतली गेली, आणि त्यांनीही काही मागितलं नाही. मागायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

तुमचे ते तीन आठवडे आत्ता चालू आहेत.

चुकीचं सांगायचं म्हणणाऱ्या बायांचा राग मला समजतो, पण तसं करू नका. एकच बाटली ती पोरं चौघींना दाखवतात, तिघी एक सांगतात आणि चौथी वेगळं, की लगेच दिसतं. खोटं शिकलेलं यंत्र परत शिकवता येतं. तुमच्या शब्दावरचा विश्वास एकदा गेला की ज्या कामासाठी तुम्ही लागणार आहात त्यालाच तुम्हाला घेणार नाहीत. आणि दाखवणारच नाही म्हणालात तर कॅमेरा उचलून दुसऱ्या शेडवर नेतील. तिथल्या बायांना तुमच्यासारखं पत्र लिहायचंही सुचणार नाही.

आता यंत्राला काय येतं ते बघू. मुकादमाचा आकडा खरा की खोटा ते त्यावर ठरतं.

अशा यंत्रांत साधारण दोन प्रकारचे डोळे असतात. एक तुमच्या पोरांसारखा साधा कॅमेरा. तो आकार, रंग, छाप बघून ओळखतो, आणि हजारो फोटो बघून शिकतो. त्याच्यासोबत रोबोचा हात असतो. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या सांगतात की तो मिनिटाला ६०-७० वस्तू उचलतो. माणूस ३०-४० उचलतो, तेही पाठ दुखायच्या आधी. दुसरा डोळा इन्फ्रारेडचा. वस्तूवर डोळ्याला न दिसणारा प्रकाश पडतो, परत येणाऱ्या प्रकाशावरून प्लास्टिकची जात कळते, आणि पुढं हवेचा फटकारा त्या वस्तूला वेगळ्या कप्प्यात उडवतो. पेट म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. पेटच्या बाटल्यांत शिरलेली पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकची बाटली तो डोळा तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली पकडतो. हे कबूल करायला हवं. पट्ट्यावरून नुसत्या पेट बाटल्या उचलायचं काम यंत्र आलं की जाईल. त्यात फार शंका ठेवू नका.

पण काळं प्लास्टिक त्या इन्फ्रारेडच्या डोळ्याला दिसतच नाही. काळा रंग करायला जी काजळी घालतात ती तो प्रकाश गिळून टाकते, परत काही येतच नाही. बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत दुसऱ्याच प्लास्टिकचं वेष्टन असलं की डोळा वेष्टन वाचतो, बाटली नाही. एकावर एक पडलेल्या वस्तू, चिखल लागलेलं, आमटीनं माखलेलं, एकात एक कोंबलेलं, यात तो गडबडतो. वेफरच्या पाकिटात प्लास्टिक आणि चमकी एकमेकांना चिकटलेली असते. ते ओळखलं तरी त्याचं करायचं काय हा प्रश्न यंत्रालाही सुटलेला नाही. यंत्राला माल पातळ, कोरडा, एका थरात पसरलेला लागतो. आपल्या घंटागाडीत काय येतं ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. त्यात लेकरांचे डायपर, देवाची जुनी फुलं, फुटकी काच आणि एखाद्या वेळी मेलेली घूसही असते.

म्हणून ज्या देशांत ही यंत्रं बरीच वर्षं चालू आहेत, तिथंही पट्ट्यावरची माणसं पूर्ण गेलेली नाहीत. ती पट्ट्याच्या दोन टोकांना सरकली. एक टोक यंत्राच्या आधी, जिथं मोठं, धोक्याचं, गुंतणारं काढून टाकावं लागतं. दुसरं यंत्राच्या नंतर, जिथं यंत्रानं केलेला ढीग तपासून त्यातलं चुकलेलं उचलायचं असतं. शिवाय गठ्ठ्याची प्रत ठरवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि यंत्र साफ ठेवणं ही कामं राहतात. बावीस राहणार नाहीत, हे तुम्हाला गोड बोलून सांगत नाही. पण सहा हा आकडा कुठल्याही यंत्राच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. तो मुकादमानं सांगितला, आणि मुकादमाचा आकडा म्हणजे सौदा सुरू करायचा भाव. तुम्ही बाजारात भाजी घेता तेव्हा पहिला भाव खरा धरता का?

एक लाजिरवाणी गोष्टही लिहून टाकतो. आपल्याकडं ही यंत्रं हळू येतात त्याचं मोठं कारण हे की तुमची मजुरी कमी आहे. यंत्राला वीज लागते, हवेचा कॉम्प्रेसर लागतो, दुरुस्तीवाला लागतो, आणि ते परवडायला रोज ठरावीक टन माल लागतो. बाईला यातलं काही लागत नाही असं धरलं जातं. त्यामुळं अंबाजोगाई किंवा परतूरसारख्या गावात असं यंत्र लवकर येईल असं मला वाटत नाही. संभाजीनगर मोठं आहे, तिथं येऊ शकतं. पण स्वस्त असणं हे काही संरक्षण नव्हे. त्यावर विसंबून राहिलं की पगारवाढ मागायचीच भीती वाटायला लागते.

बावीसच्या किती राहतील हे कॅमेरा ठरवत नाही. ते गुत्त्याच्या करारनाम्यात लिहिलेलं असतं. गुत्तेदाराला पैसे टनावर मिळतात की माणसांच्या संख्येवर? टनावर मिळत असतील तर काट्यावर वजन दाखवलं की झालं, एक बाई कमी म्हणजे तेवढा पगार त्याच्या खिशात. करारात ‘इतके कामगार ठेवावेत’ असं असेल तर तो कुणालाही सहज घरी पाठवू शकत नाही. यंत्राचा खर्च महापालिका करतेय की तो स्वतः? करार कधी संपतो? नव्या निविदेत जुन्या कामगारांना घ्यावं अशी अट घालता येते का? या चार प्रश्नांची उत्तरं मुकादमाकडं नाहीत, पण महापालिकेच्या फाइलमध्ये आहेत, आणि ती फाइल मागायचा तुम्हाला हक्क आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांत. ‘सुका कचरा वर्गीकरण केंद्राच्या कामाचा करारनामा व निविदेच्या अटींची प्रत मिळावी’, एवढं पुरे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लेकीचं अक्षर चांगलं आहे, तिलाच लिहू द्या. अर्जावर नाव दुसऱ्या कुणाचंही चालतं, शेजारच्या शिक्षकांचंही. तुमचं नाव पहिल्याच दिवशी पुढं यायची गरज नाही.

त्याच आठवड्यात दुसरा अर्ज, हा गुत्तेदाराला, आणि प्रत महापालिकेच्या घनकचरा विभागाला. अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा: अमुक तारखेपासून आम्ही रोज दोन तास यंत्राला माल ओळखायला शिकवण्याचं काम करत आहोत. हे काम आमच्या आठ वर्षांच्या अनुभवावर चालतं. याची नोंद हजेरीत वेगळी व्हावी. हे काम केल्याचं पत्र प्रत्येकीला नावानिशी मिळावं. यंत्र आल्यावर तपासणीच्या आणि यंत्र चालवण्याच्या जागांवर आधी आम्हाला घ्यावं व त्याचं शिक्षण कामाच्या वेळेत द्यावं. खाली बावीस सह्या आणि अंगठे. दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच.

शिकवल्याबद्दल वेगळा पैसा मागावा का? मागा. मिळेलच असं नाही. इथं कायदा फारसा मदतीला येणार नाही, इथं मागावंच लागतं. पण पैसा नाही मिळाला तरी ते पत्र सोडू नका. त्या पोरांनाही सांगा. ती तुम्हाला मावशी म्हणतात ते मनापासून म्हणत असतील, पण मावशी हे नातं आहे, हजेरीवर ते पद म्हणून लागत नाही. त्यांच्या कंपनीच्या कागदावर ‘या बावीस जणींनी आम्हाला माल ओळखायला शिकवलं’ अशा दोन ओळी आल्या तर तेही चालेल.

काढायची वेळ आलीच तर तुमचं काय निघतं तेही माहीत असू द्या. वर्षात २४० दिवस भरले असतील तर कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. हे जुन्या कायद्यात होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेत शिवाय नवं काम शिकायला म्हणून आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यात जमा करायची तरतूद आहे. आठ वर्षांचे १२० दिवस, म्हणजे चार महिन्यांचा पगार झाला. पाच वर्षांवर ग्रॅच्युइटी वेगळी. पण यातली मेख तुम्हीच लिहिली आहे: तीन गुत्तेदार बदलले. दर वेळी पाटी कोरी झाली, असं ते म्हणणार. म्हणून आठ वर्षं तुम्ही त्याच शेडवर होतात याचा पुरावा आत्तापासून गोळा करा. बँकेचं पासबुक छापून आणा, जुने ओळखपत्र, हातमोजे-बूट दिल्याची यादी, एखाद्या स्वच्छता अभियानात काढलेला तारखेचा फोटो, जे सापडेल ते. पगारातून काही कटतं का ते पोराला सरकारच्या उमंग ॲपवर बघायला सांगा. पीएफ कटत असेल तर तिथं कुठल्या गुत्तेदारानं किती महिने भरलं ते दिसतं. तेच तुमचं हजेरीपुस्तक. गुत्तेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालक म्हणून जबाबदारी महापालिकेवर येते, हेही त्यांना माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे हे त्यांना कळू द्या.

संप वगैरेचा विचार पहिल्या पायरीवर नको. पण २०१८ आठवतंय ना? फेब्रुवारीत कचरा डेपो असलेल्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि महिनोन्‌महिने शहरात कचऱ्याचे ढीग पडून राहिले. तो कचरा टाकायला गेले त्या मिटमिट्यात तर दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गेलं. तेव्हापासून या शहराचा कारभार कचरा तुंबण्याला भितो. अर्ज देताना एवढं मनात असलं की आवाज कापत नाही.

यंत्र आलं तर एक गोष्ट मात्र जिवाची. साडीची किनार, वायर, पोत्याची सुतळी, केस, हे सगळं फिरत्या भागांना गुंडाळतं आणि यंत्र अडतं. मग कुणीतरी म्हणतं, मावशी, तुमचा हात बारीक आहे, जरा कापून काढा. बटण बंद केल्यावरही नाही जायचं. मेन स्विचला कुलूप लागलं पाहिजे आणि जी आत जाईल तिच्या कनवटीला त्याची किल्ली पाहिजे. ती बाहेर आल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. यावर अडून बसा.

आता बाकीचं, भराभर.

ऊसतोडीला जाऊ नका. उचल म्हणजे कर्ज, ते तुम्हाला माहीत आहे, नवऱ्यालाही माहीत आहे. आणि यंत्राला भिऊन जाताय तिथंही ऊस तोडायचं यंत्र, हार्वेस्टर, उभा आहेच. मोठ्या वावरात, चार-पाच फुटांच्या सरीत तो शिरतो. माणसाच्या वाट्याला राहतात ती तुकड्याची, पडलेल्या उसाची, बांधाबांधाची अवघड वावरं. शिवाय पोराचं आयटीआय आणि लेकीची शाळा सहा महिने कुणावर सोडणार?

दिराकडं कामाला जायला माझी ना नाही, पण आधी चार दिवस जाऊन बघून या. जालन्यात सळईच्या कारखान्यांना भंगार लागतं, भट्ट्या त्यावरच चालतात. पूर्वी ट्रकमधलं लोखंड माणसं हातानं उतरवायची, आता लोहचुंबकाची क्रेन एका फटक्यात उचलते. यंत्रानं तिथं हमाली खाल्ली. पण चुंबकाला बंद सिलिंडर आणि उघडं सिलिंडर सारखंच. बंद नळकांडं, गाडीचा शॉकअप, आतून ओला राहिलेला डबा भट्टीत गेला की स्फोट होतो. ते ढिगातून हेरणारा माणूस अजून लागतो, आणि त्याला मान आहे. तुमची नजर त्या कामाची आहे. पण ते धोक्याचं काम आहे, तिथंही गुत्तेदारच आहे, आणि तिथं तुम्ही पहिल्या दिवसापासून नव्या असणार. इथली आठ वर्षं टाकून जायचं तर निदान त्यांचा हिशेब घेऊन जा.

प्रेससाठी कर्ज: आत्ता नाही. प्रेस म्हणजे नुसतं यंत्र नव्हे, त्याला छप्पर, थ्री फेज वीज, आगीची भीती आणि माल ठेवायला जागा लागते. प्लास्टिकचा भाव कच्च्या तेलावर हलतो. तेल उतरलं की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्या मालाला कुणी विचारत नाही. बचत गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला दारात येतो. कुणी गिऱ्हाईक सहा महिन्यांचा दर लिहून देत असेल आणि महापालिका जागा देत असेल तर पुन्हा लिहा, तेव्हा वेगळं बोलू.

पोराला सांगा, वायरमनचं सोडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, असं दादांनी सांगितलंय. चाळीस हजार भरून काही महिन्यांत एआय शिकवणारे क्लास गल्लोगल्ली उगवलेत, त्यांच्या पाट्या मला रोज दिसतात. त्या शेडवर उद्या जे यंत्र येईल त्यात मोटारी, कॉम्प्रेसर, हवेचे व्हॉल्व्ह, सेन्सर आणि शेकडो वायरी असणार. धूळ बसली की तो हुशार डोळा आंधळा होतो, उंदरानं वायर कुरतडली की हात लुळा पडतो. तेव्हा हाक वायरमनलाच मारतात. दोन वर्षं पुरी करू दे, वाळूज किंवा शेंद्र्याला अप्रेंटिसशिप करू दे. संगणकाची आवड असेल तर त्याच कॅमेऱ्यावाल्या पोरांशी त्याची ओळख करून द्या. ती फुकट शिकवतील. तुम्ही त्यांना शिकवलंच आहे ना.

जाऊबाईंबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटली. त्यांना काढायला कुणी येणार नाही हे खरं, पण त्यांच्या हाताखालचा माल निघून जातो. बंद घंटागाडी आणि कचरा दाबून चेपणारी कॉम्पॅक्टरची गाडी, त्यांच्यासाठी यंत्र म्हणजे हे, आणि ते कधीच आलंय. त्यांना आधी कागदावर आणा. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच कचरा वेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत घ्यायला नगरपालिका-महापालिकांना सांगितलं होतं. केंद्राच्या सफाई कामगारांसाठीच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरा वेचकही धरले आहेत. त्यात नोंद, ओळखपत्र, आयुष्मानचा आरोग्य विमा आणि हातमोजे-बूट यांची सोय आहे. घनकचरा विभागात जाऊन नाव नोंदवायला सांगा. पीएफ नसल्यानं त्यांचं ई-श्रम कार्डही निघेल. त्यांची लेकरं दहावीच्या आत शिकत असतील तर कचरा वेचकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, शाळेत मुख्याध्यापकांना विचारा. पुण्यात वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि २००८ पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. पुण्याचं सगळं पुण्यातच चालतं असं आपल्याकडं म्हणतात. पण त्या बायांतल्याही कितीजणी मराठवाड्यातूनच गेलेल्या आहेत. जाऊबाई, तुम्ही आणि पट्ट्यावरच्या बाकीच्या, एकदा एका सतरंजीवर बसा. शेडवरची आणि पोत्याची, हा भेद गुत्तेदाराच्या फायद्याचा आहे.

आणि तो पन्नीच्या आवाजाचा विषय. बाटल्या, डबे, पिशव्या उद्यापासून बिनदिक्कत दाखवा. पण चुरगाळल्यावर कुठली कडकड वाजते आणि कुठली नुसती सळसळते, जाळून बघितल्यावर कशाला मेणबत्तीचा वास येतो आणि कशाचा नाकात झोंबतो, पाण्यात काय तरंगतं आणि काय बुडतं, हे अर्जाची पोच हातात आल्यावरच सांगा. कॅमेऱ्याला कान नसतात. त्या पोरांना तिथं माईक लावायचं सुचेपर्यंत तुमच्याकडं थोडा वेळ आहे.